सहा नळ्या

९ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. फोन करण्यात अर्थ नाही म्हणून लिहितेय. मागच्या वेळी मी पंधरा मिनिटं घसा कोरडा करून बोलले, आणि शेवटी तू विचारलंस की बरं, पण बोलतंय कोण. मोबाईलवर लिहून पाठवावं तर तुझी गवंड्याची बोटं एका दणक्यात तीन अक्षरं दाबतात. तेव्हा कागदच बरा.

काम असं आहे. घरामागचा बागेचा उतार पुन्हा सुटलाय. मागच्या पावसात चिखल आईच्या खोलीच्या खिडकीपर्यंत आला होता. घरं तपासणारे साहेब येऊन गेले. त्यांचं म्हणणं, यंदाच्या पावसाआधी माती अडवणारी भिंत उभी राहिली नाही, तर आईने त्या खोलीत झोपायचं नाही. आई म्हणते, मी दुसरीकडे कुठेही झोपणार नाही. बाबा गेल्यापासून दोन वर्षं ती त्या खोलीतून हलायचं नाव घेत नाही, हे तुझ्या कानावर आलंच असेल.

मी म्हटलं, मामाला बोलावू. त्यावर ती उठली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. दुसरा गवंडी बोलावू म्हटलं, तर त्यालाही नाही. तिचा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, मामा. एकोणीस वर्षं झाली. मी चौदा वर्षांची होते, पण तू बांधलेली भिंत बाबांच्या खोलीवर कोसळली तो दिवस मला लख्ख आठवतो. लोकांनी दुरुस्तीला दिलेली घड्याळं चिखलात, बाबा पांढरेफटक, आणि तू अंगणात खाली मान घालून सांगतोयस, चूक माझी, पाणी जायला नळ्या ठेवायच्या राहून गेल्या. बाबा म्हणाले, पुन्हा या घरात थापी घेऊन येऊ नका. तू आला नाहीस.

तर मी ठरवलंय की भिंत मीच बांधायची. काँक्रीटचे ब्लॉक मिळतात, हात मला आहेत, आणि माप घेण्यात मी कोणाला हार जात नाही. शिवणाच्या दुकानात दिवसभर तेच तर करते. तू फक्त पत्रातून सांग. आणि यावेळी नळ्या विसरू नकोस हं.

हे पत्र आईला न सांगता लिहिलंय.

तुझी भाची

१७ जानेवारी

सुपरवायझरबाई,

पत्र मिळालं. पाच वर्षांची असताना तू वाळूच्या ढिगावर बसून माझ्या मजुरांना हुकूम सोडायचीस, तेव्हाच मी ओळखलं होतं की ही एक दिवस मलाही कामाला लावणार. लाव. उंटावरून शेळ्या हाकायला माझी हरकत नाही.

आधी तुझा उत्साह थोडा कमी करतो. कपडा चुकला तर उसवता येतो, भिंत उसवता येत नाही. म्हणून एकच उंच भिंत बांधायचा विचार सोड. तुझ्या कमरेएवढी एक बांध, दोन-तीन हात मागे सरकून तेवढीच दुसरी. मध्ये ताईला काय हवं ते लावू दे. कमरेच्या वर जायची इच्छा झाली तर त्या साहेबांना विचारल्याशिवाय जाऊ नकोस.

चर दीड फूट खोल, दोन फूट रुंद. तळाशी खडी कुटून बसव, वर काँक्रीट, त्यात सळया उभ्या करून ठेव. ब्लॉक पोकळ असतात, ते या सळयांवर ओवले जातील, आणि मग पोकळीत काँक्रीट भरायचं. पहिला थर जमिनीच्या खाली गेला पाहिजे. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. पहिला थर लावायला एक दिवस गेला तरी चालेल. तो वाकडा गेला की वरचे सगळे त्याच्यामागे जातात.

आता पाणी. भिंत मातीने पडत नाही, मातीत अडकलेल्या पाण्याने पडते. मागे हातभर जाडीची खडी भर आणि जमिनीच्या लगेच वरच्या थरात चार-चार फुटांवर नळी ठेव. याबाबतीत माझी ख्याती तुला ठाऊकच आहे, त्यामुळे दोनदा मोज.

पातळी बघायला ती बुडबुड्याची पट्टी नको, लेव्हलची नळी घे. पारदर्शक, दहा मीटर लांब. पाण्याने भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक तुझ्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका उंचीला येतं. एकट्याने हे होत नाही, तेव्हा कोणाला तरी पटव.

शेवटचं. जुन्या भिंतीचा पाया अजून मातीत असेल. तो खणू नकोस. त्याच्या दोन फूट पुढे नवा चर घे. जुनं उकरण्यात हाडं मोडतील, बाकी काही मिळणार नाही.

ताई चालते कशी? गुडघा?

मामा

२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमी.

ब्लॉक आले. ब्लॉकवाल्याने सगळे पुढच्या दारात उतरवले आणि पाठ फिरवली. मी एकेक करून हातगाडीवरून मागे नेले. पहिल्या दिवशी वीस नेले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मला कात्री उचलवेना. आई खिडकीतून बघत होती. मध्येच म्हणाली की ओझं कमरेने नाही, मांड्यांनी उचलायचं असतं. हे तिला कोणी शिकवलं, असं मी विचारलं नाही. तुझं नाव न घेता तुझंच बोलत होती, एवढं मला कळतं.

गंमत पुढे आहे. लेव्हलची नळी भरली आणि दुसरं टोक धरायला कोणी मिळेना. एक टोक खुंटीला बांधून पाहिलं, तर मी इकडे येईपर्यंत तिकडचं पाणी सांडून जायचं. तीनदा असं झालं. चौथ्यांदा मागे वळले तर आई पायरीवर उभी, टोक हातात, अंगठा नळीच्या तोंडावर. मी अंगठा काढायला सांगायच्या आत तिने काढला, पाणी थांबेपर्यंत थांबली, आणि विचारलं, "तुझ्याकडे काय म्हणतंय?"

मामा, ती गवंड्यासारखं बोलली. मी सांगितलं की खुणेच्या बोटभर खाली आहे. ती म्हणाली, मग तुझी बाजू उंच आहे, खण. आम्ही तासभर तसं केलं. संपल्यावर तिने हात पुसले आणि जणू काही घडलंच नाही अशी आत गेली.

दोन फूट पुढे सरकायचं मात्र जमणार नाही. तसं केलं तर आईच्या खिडकीबाहेर जेमतेम उभं राहण्याएवढी जागा उरते. जुना पाया काढावाच लागेल. खणायला दोन दिवस माणूस मिळालाय.

तुझी भाची

९ फेब्रुवारी

पोरी,

हे पत्र वेळेत पोचावं म्हणून आजच टाकतोय. खणू नकोस. जागा कमी पडली तर भिंत थोडी बुटकी कर, खिडकीसमोर वळसा घे, काहीही कर. जुना पाया खणला की उतार सुटतो. माणसाला परत पाठव.

ताईला नळी धरायला मीच शिकवलं होतं. ती पहिली भिंत आम्ही दोघांनी मोजली होती. भाऊजी त्यांच्या घड्याळांत असायचे, आणि मला धरायला दुसरं कोणी नव्हतं. ओळंबा कसा सोडायचा तेही तिला येतं. माझं टोपणनाव त्यावरूनच तिने पाडलं. दोरीला लोंबणाऱ्या त्या वजनासारखा मी कुठेही सरळ उभा असतो, म्हणायची.

खणू नकोस.

मामा

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र पोचलं तोवर खणून झालं होतं. उतार सुटला नाही, फळ्या लावून धरलाय. पण उतारासाठी तू मला थांबवत नव्हतास, हो ना?

जुन्या भिंतीचे खालचे दोन थर मातीत जसेच्या तसे उभे आहेत. एका रेषेत. इतकी वर्षं झाली, आणि मी नळीने मोजलं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूतभरही फरक नाही. मागे हातभर जाडीची खडी, धुऊन ठेवल्यासारखी स्वच्छ. आणि त्यांतल्या वरच्या थरात चार-चार फुटांवर नळ्या. सहा.

तू म्हणाला होतास की नळ्या ठेवायच्या राहून गेल्या.

मी चरात बसून राहिले. सहाही नळ्या पुढच्या बाजूने बंद केलेल्या आहेत. आत कापडाचा बोळा घट्ट कोंबलाय आणि वरून सिमेंट फिरवलंय. थापीने फिरवलेलं नाही. चमच्याने फिरवल्यासारखे लहान लहान वळसे आहेत. मी सिमेंट फोडून एक बोळा ओढून काढला. टेरिलीन आहे, ते कुजत नाही. चिखल धुतल्यावर निळ्या चौकडी दिसल्या. कापड ओळखण्यावर माझं पोट चालतं, मामा, आणि हे कापड तर मी शाळेत असताना रोज बघायचे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा. कडेला हातशिलाई आहे, उलटी, आई घालते तशी.

सहाही बोळे मी काढले आणि बटणांच्या डब्यात ठेवले. आईला काही बोलले नाही. एकोणीस वर्षं मी तुला विसरभोळा समजत होते, आणि पहिल्याच पत्रात तुला टोमणाही मारला. मला आता काय करायचं ते कळत नाही. तू खरं लिही.

तुझी भाची

१ मार्च

पोरी,

तू बेतणारी झालीस तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

खरं लिहितो, पण हे पत्र वाचून जाळ. भिंत पडली त्या दिवशी मी निरोप मिळताच आलो. पहिलं काम म्हणजे खाली बसून नळी चाचपली. बोट आत गेलं नाही. सिमेंटच्या कडेने जरा बाहेर आलेली निळी चौकडी मलाही दिसली. वर बघितलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीला नवा पडदा होता. मग मी बुटाने चिखल सारला आणि उभा राहिलो.

भाऊजी वाईट माणूस नव्हते. पण लोकांची घड्याळं चेपली होती, काहींच्या आजोबांची होती, भरून देता येण्यासारखी नव्हती. त्या दिवशी त्यांचा राग कोणावर तरी निघणारच होता. मला संध्याकाळच्या बसने जायचं होतं. ताईला त्याच घरात राहायचं होतं. एवढाच हिशेब मी केला, आणि तो करायला फार वेळ लागला नाही.

नंतर दोनदा थापीशिवाय, नुसता जेवायला आलो होतो, तुला आठवत नसेल. ताई माझ्या ताटात वाढायची, पण माझ्या तोंडाकडे बघायची नाही. मला वाटलं, मी समोर आलो की तिला ते सगळं पुन्हा गिळावं लागतं. आपण गेलोच नाही तर निदान तिला जेवण गोड लागेल. म्हणून थांबलो. रागावलेली ती नाही आणि मीही नाही.

तिला विचारू नकोस. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे, मला कडेवर घेऊन फिरली आहे. आता या वयात तिच्या पोरीसमोर तिची मान खाली जायला नको. नळ्या मोकळ्या करून नव्या भिंतीत वापर, प्लास्टिक चांगलं आहे. डबा कुठेतरी पुरून टाक.

ब्लॉक लावायला घेतलेस का? थर लावला की दिवसातून तीनदा पाणी मार.

मामा

२६ मार्च

प्रिय मामा,

उशीर झाला. भिंत आणि आई, दोन्हीकडे बघत होते.

खालची भिंत पाच थर झाली. सळया ओवल्या, पोकळ्या भरल्या, मागे तुझीच जुनी खडी पाट्यांनी उचलून घातली. तुझ्या सहाही नळ्या बसवल्या. आई नळीचं टोक धरायला रोज येते, मी न बोलावता. तिसऱ्या थरात एक ब्लॉक मी तिरका लावला होता, तर तिने काठीने ठोकून दाखवला.

डबा पुरला नाही. कुठे पुरावा ते सुचेना म्हणून शिवणाच्या कपाटात मागे ढकलला. परवा मी दुकानात होते आणि तिला तिच्या झग्याला बटण लावायचं होतं.

मी घरी आले तेव्हा ती टेबलाशी बसली होती. डबा उघडा. सहाही बोळे तिने धुऊन, सरळ करून, एकावर एक ठेवले होते, इस्त्रीला ठेवतात तसे. मला म्हणाली, "तुझ्या मामाला ठाऊक होतं." मी म्हटलं, हो. पुढचं विचारायला मी तडफडत होते, पण तू विचारू नकोस म्हणाला होतास म्हणून विचारलं नाही. आज सकाळी तिने कागद मागितला. पाकीट तिने स्वतः चिकटवलंय, त्यात काय आहे ते मला माहीत नाही. याच्याबरोबर टाकतेय.

तुझं पत्र जाळलं नाही. रागावलास तरी चालेल.

तुझी भाची

२६ मार्च

ओळंब्या,

बऱ्याच वर्षांनी लिहिते आहे म्हणून अक्षर असं आलंय, समजून घे. तुला अक्षरं मीच गिरवायला शिकवली होती, आणि आज माझंच अक्षर वाकडं आलंय.

नळ्या मी बुजवल्या. हे मला अंगणात सांगायचं होतं, ते आता कागदावर सांगते आहे.

तू भिंत बांधून गेलास आणि प्रत्येक सरीला त्या नळ्यांतून लाल पाणी फरशीवर यायचं. यांच्या खोलीचा उंबरा भिजायचा. हे रोज म्हणायचे, तुझ्या भावाने अंगणाचं गटार केलं. चिडून नव्हे, नुसतं म्हणायचे, पण रोज. तुला कोणी नावं ठेवलेली मला सहन व्हायची नाहीत. एका दुपारी जुना पडदा कापला, सहा बोळे केले आणि उरलेलं सिमेंट चमच्याने वर लावलं. पाणी थांबलं. हे म्हणाले, बसलं शेवटी तुझ्या भावाचं काम. मला इतका आनंद झाला होता, काय सांगू. मोठ्या पावसाआधी काढीन असं ठरवलं होतं. कोरड्या अंगणाची सवय झाली आणि राहून गेलं. मग तो चार दिवसांचा पाऊस आला.

तू खाली बसून नळीत बोट घातलंस तेव्हा मी खिडकीत होते. तू चिखल सारलास तेही बघितलं. तू चूक माझी म्हणालास तेव्हा मी बाहेर यायला हवं होतं. सात पावलं होती. मी ती नंतर कितीतरी वेळा मोजली आहेत. मी पडदा धरून उभी राहिले. तू मला वाचवलंस आणि मी स्वतःला वाचवून घेतलं, धाकट्या भावाच्या जिवावर.

त्यानंतर इथे तुला कोणी काम दिलं नाही. तू लांबच्या गावी ब्लॉकच्या कारखान्यात गेलास, तिथल्या कापायच्या मशीनच्या आवाजाने तुझे कान गेले. हे सगळं मला कळत होतं. तू जेवायला आलास तेव्हा तुझ्याकडे बघायची माझी छाती नव्हती. मग तू यायचा थांबलास, आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच लाज मला सगळ्यांत जास्त वाटते.

शेवटच्या वर्षात यांना सांगितलं. ऐकून म्हणाले, त्याला बोलावून घे. मी तेही केलं नाही. ते गेले आणि तो निरोप माझ्याकडेच राहिला. तो आता देते आहे.

तुला राग असेल तर असू दे. पण एकदा ये.

ताई

५ एप्रिल

ताई,

पत्र चार वेळा वाचलं. अक्षर वाकडं नाही, माझा चष्मा जुना आहे.

भाऊजींचा निरोप मिळाला. फार बरं वाटलं.

आता तू सगळं सांगितलंस, तर मीही एक सांगून टाकतो, कारण तू उगाच जिवाला लावून घेतलं आहेस. त्या भिंतीमागे मी खडी घातलीच नव्हती. काम लांबलं होतं, कंटाळा केला आणि नुसती माती लोटली. नळ्या उघड्या असत्या तरी ती भिंत दोन पावसाळे टिकली नसती. म्हणजे चूक माझी म्हणालो ते खरंच होतं. तुझ्या बोळ्यांनी काही झालं नाही. हे डोक्यातून काढून टाक.

कानांचंही मनावर घेऊ नकोस. आमच्या गल्लीतल्या कुत्र्याने सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या आहेत, मी तेवढा शांत झोपतो.

यायचं म्हणशील तर मी आता म्हातारा झालोय, ब्लॉक उचलवत नाही. माझा उपयोग काय? पोरीचं काम चांगलं चाललंय.

ओळंबा

१२ एप्रिल

ओळंब्या,

खडी होती. हातभर जाड, एकेक खडा धुतल्यासारखा. पोरीने ती माझ्या डोळ्यांसमोर पाट्या भरभरून काढली, आणि नव्या भिंतीमागे तीच घातली आहे. लहानपणी तुला खोटं बोलता यायचं नाही, कान लाल व्हायचे. पत्रात ते दिसत नाहीत म्हणून तुझं फावलं आहे. माझ्यासाठी हे तुझं दुसरं खोटं. तिसरं मी बोलू देणार नाही.

तुला ब्लॉक उचलायला बोलावत नाही. खालच्या भिंतीचा सगळ्यांत वरचा थर मी अडवून ठेवला आहे. पोरगी चिडली आहे, पण मी ऐकत नाही. तो थर आपण दोघांनी मोजायचा. पाणी काय म्हणतंय ते ऐकू यायची गरज नाही. माझ्याकडे बरोबर आलं की मी हात वर करीन.

थापी घेऊन ये. या घरात ती चालते, हे आता मी सांगते आहे.

शनिवारी सकाळची बस दहाला पोचते. मागच्या फाटकाने ये, उघडं ठेवते. मी खिडकीत नसेन. ती सात पावलं चालून मी अंगणात आलेली असेन.

ताई